पाच विचित्र गाड्या आणि पाच प्रश्न



पाचवीच्या वर्गात वाहतुकीचा विषय निघाला की आपण काय करतो? सिग्नलचे तीन रंग, झेब्रा क्रॉसिंग, डाव्या बाजूने चालावे, हेल्मेट घालावे. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मार्क मिळवतात. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याच वर्गातला एक मुलगा मोठ्या भावाची बॅटरीवरची दुचाकी चालवत शाळेच्या फाटकापर्यंत आला. वय दहा वर्षं. मागे धाकटी बहीण. पाच-सहा पोरं कौतुकाने भोवती.

संध्याकाळी वडिलांना बोलावलं. माणूस भला, कष्टाळू. ते म्हणाले, "मॅडम, हिला लायसन लागत नाही. दुकानदारानेच सांगितलंय. आणि पळते किती, पंचवीसनं. सायकलच समजा की."

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. "नियम आहे" म्हणावं तर त्यांचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. नुसतं "धोका आहे" म्हटलं तर ते पटणार नव्हतं. म्हणून मी वेगळ्या वाटेने गेले. जगात पूर्वी माणसांनी एकट्यादुकट्याने फिरायला ज्या विचित्र गाड्या बनवल्या, त्यांच्या गोष्टी शोधल्या आणि त्यातून हा पाठ तयार केला. प्रत्येक गाडी आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकवते. पाच गाड्या, पाच प्रश्न. दोन तासिकांत होतो. साहित्य सगळं घरातलं आहे. तुम्हीही करून बघा.

पहिली गाडी : पेटलेली खुर्ची

वर्ष १८८५, देश जर्मनी. गॉटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्याला पेट्रोलचं छोटं इंजिन बसवलं. तिचं नाव राइटवागेन, म्हणजे बसून चालवायची गाडी. मोटारसायकलींची ही आजीच. इंजिनची ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर. दोन मोठी चाकं आणि पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं, आपल्या लहान मुलांच्या सायकलला असतात तशी.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डायम्लरचा मुलगा ती गाडी घेऊन कान्स्टाट गावाहून उंटरट्यूर्कहाइमला गेला. वाटेत त्याच्या बसायच्या जागेला आग लागली! कारण असं की त्या काळी इंजिनमधलं इंधन पेटवायला एक नळी सतत तापवून लाल ठेवावी लागे. आणि ती तापलेली नळी होती बरोबर सीटच्या खाली.

ही गोष्ट सांगितल्यावर वर्ग खो खो हसतो. हसू द्या. मग शांतपणे विचारा : गाडी हळू होती, बाजूला आधाराची चाकं होती, तरी धोका कुठून आला?

प्रश्न १ : मी ज्यावर बसतोय, त्याच्या खाली आणि आजूबाजूला काय आहे?

आजच्या गाडीत तापलेली नळी नाही. पण सायलेन्सर आहे. त्याचा चटका पोटरीला बसलेली दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतातच, त्यांना व्रण दाखवायला सांगा. बॅटरीच्या गाडीत सीटखाली किंवा पाय ठेवायच्या जागेखाली बॅटरी असते. ती गाडीसोबत आलेल्या चार्जरनेच चार्ज करायची, रात्रभर बिछान्याशेजारी लावून ठेवायची नाही, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. हे मुलांनी घरी जाऊन सांगितलं की घरचे जास्त ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गाडी : उभ्याने चालवायची स्कूटर

आज मोठ्या शहरांत उभं राहून चालवायच्या बॅटरीच्या स्कूटर दिसतात. मुलांना ते अगदी नवं वाटतं. त्यांना सांगा, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीमध्ये ऑटोपेड नावाची स्कूटर बनू लागली. पुढच्या चाकावर १५५ सीसीचं इंजिन, उभं राहायला फळी आणि हातात एक दांडा. दांडा पुढे ढकलला की गाडी निघायची, मागे ओढला की ब्रेक लागायचा. वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम करणाऱ्या फ्लोरेन्स नॉर्मन यांचा १९१६ सालचा ऑटोपेडवरचा फोटो प्रसिद्ध आहे. लांब झगा, डोक्यावर हॅट, आणि स्वारी कामावर निघालेली. बाईमाणसाला एकटीने, कुणावर अवलंबून न राहता कामावर जाता येतंय, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. हे मुलींना आवर्जून सांगा.

पण गाडीची चाकं होती फक्त १० इंचाची. म्हणजे २५ सेंटिमीटर.

कृती : जमिनीवर एक पेन्सिल आडवी चिकटवा. तिच्यावरून आधी बाटलीचं झाकण उभं घरंगळवा, मग स्वयंपाकघरातलं मोठं ताट. झाकण अडतं किंवा आडवं पडतं, ताट सहज पार होतं. पेन्सिल तीच, ढकलणारा हात तोच. फरक चाकाचा. अडथळ्याची उंची चाकाच्या मधल्या आसाएवढी झाली, तर चाकाला तो अडथळा राहत नाही, सरळ भिंत होते. सायकलच्या चाकाची त्रिज्या साधारण ३३ सेंटिमीटर, ऑटोपेडची साडेबारा. आता आपल्या गावातले खड्डे डोळ्यांसमोर आणा.

प्रश्न २ : माझं चाक केवढं आणि रस्त्यातला खड्डा केवढा?

मुलांना टेप देऊन शाळेच्या आवारातली सगळी चाकं मोजायला लावा. सायकल, शिक्षकांच्या गाड्या, आहाराचा माल आणणारा टेम्पो. पाचवीला वर्तुळाची त्रिज्या आणि व्यास आहेच, गणिताचाही तास होतो. दांड्याबद्दलही एक प्रश्न टाका : ब्रेक लागला की आपलं अंग पुढे जातं, आणि या गाडीत ब्रेक लावायला दांडा मागे ओढायचा असतो. घाबरलेल्या माणसाला हे जमेल का? बाकांवर उभं न करता, जमिनीवरच अभिनय करून बघू द्या.

तिसरी गाडी : एकाच चाकाच्या पोटात

ही मुलांची सर्वात लाडकी. १९३२ साली इंग्लंडमध्ये डॉ. पर्व्हिस नावाच्या संशोधकाने डायनास्फिअर नावाचं वाहन बनवलं. चित्र फळ्यावर काढायला सोपं आहे : एक भलं मोठं चाक आणि त्याच्या पोटात बसलेला माणूस! चाकाची उंची सुमारे दहा फूट, लोखंडी जाळीचं. आत रुळावर बसवलेली बैठक आणि इंजिन. इंजिन बैठकीला चाकाच्या आतून वर चढवायला बघतं, बैठकीच्या वजनाने ती खालीच राहते, आणि त्यामुळे चाक पुढे सरकतं. पिंजऱ्यातला उंदीर चक्र फिरवतो, तसंच. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर त्याच्या चाचण्या झाल्या. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जायचा.

थांबायचं कसं? इथेच गंमत होती आणि धोकाही. ब्रेक म्हणजे काय, तर बैठक आणि चाक यांना एकमेकांशी घट्ट करणं. फार जोरात घट्ट केलं, तर चाक फिरतच राहतं आणि बैठकीला, म्हणजे आतल्या माणसालाही, आपल्याबरोबर गोल फिरवू शकतं.

कृती : एक गोल डबा आडवा ठेवा, आत गोटी टाका आणि हळूच घरंगळवा. गोटी तळालाच राहते. आता गोटी ओल्या मातीने डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पुन्हा घरंगळवा. गोटी वर जाते, उलटी होते, खाली येते. मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

प्रश्न ३ : ही गाडी थांबते कशी, आणि थांबताना माझं काय होतं?

गाडी किती पळते हे सगळे विचारतात. ती किती अंतरात थांबते, हे फार थोडे विचारतात. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ मीटर. समोर कुत्रं आलं, ते दिसून हात ब्रेकपर्यंत जाईतो एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी जवळजवळ एक वर्गखोली ओलांडून गेलेली असते. मैदानात खडूने ६.७ मीटरची रेघ मारा आणि मुलांना तिच्या दोन्ही टोकांना उभं करा.

चौथी गाडी : फ्रीजच्या दाराची मोटार

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लोकांकडे पैसा कमी, पेट्रोल महाग. त्यामुळे दोन माणसं बसतील अशा चिमुकल्या मोटारींची लाट आली. त्यातली प्रसिद्ध इझेट्टा. इटलीत १९५३ साली ती इझो नावाच्या कंपनीने काढली. ही कंपनी फ्रीजही बनवायची, आणि गाडीकडे बघितलं तर ते खरंही वाटतं, कारण गाडीला एकच दार आणि तेही समोर! दार उघडलं की स्टिअरिंगही दाराबरोबर बाहेर यायचं. पुढे १९५५ पासून जर्मनीत बीएमडब्ल्यूने ती बनवली आणि तिच्या १,६१,००० हून जास्त गाड्या खपल्या. म्हणजे ही काही कुणाची गंमत नव्हती. अनेक कुटुंबांची ती पावसात न भिजता प्रवास करायची पहिली सोय होती.

मुलांना विचारा : गाडी समोरून भिंतीला टेकली, तर आतल्यांनी बाहेर कसं यायचं? मुलं विचार करतात, मग कुणीतरी ओरडतं, "वरून!" बरोबर. गाडीच्या छताला उघडणारं कापड होतं, आणि दार अडकलं तर तीच बाहेर पडायची वाट.

याच्या जोडीला पील पी-५० सांगा. आइल ऑफ मॅन बेटावर १९६२ ते १९६५ या काळात बनलेली तीन चाकांची, एका माणसाची मोटार. लांबी फक्त १३७ सेंटिमीटर, वजन ५९ किलो. रिव्हर्स गिअरच नाही. मागे घ्यायची तर खाली उतरायचं आणि मागच्या मुठीला धरून गाडी उचलून फिरवायची. खडूने १३७ बाय ९९ सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि एका मुलाला त्यात बसवा. एवढ्याशा डब्याचा वेग ताशी सुमारे ६१ किलोमीटर होता, हे त्यानंतर सांगा.

प्रश्न ४ : काही झालं तर बाहेर पडायची वाट कोणती, आणि माझ्या आणि धडकेच्या मध्ये काय आहे?

दुचाकीवर उत्तर सोपं आणि कडू आहे : मध्ये काहीच नाही. फक्त हेल्मेट. रिक्षात, व्हॅनमध्ये कोंबून बसणाऱ्या मुलांना हाच प्रश्न विचारायला शिकवा. दाराला कडी आतून उघडते का? दप्तरं वाटेत आहेत का?

थोडं गणित, मोठ्यांसाठी

"हळूच तर जाते" याला उत्तर देण्यासाठी मी एक तक्ता केला. एखाद्या वेगाने जाऊन पक्क्या भिंतीला आदळणं म्हणजे किती उंचीवरून पडल्यासारखं? वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि १९.६ ने भागा. मुलांना सूत्र नको, उत्तरं भिंतीवर खुणा करून दाखवा.

ताशी ११ किमी (राइटवागेन) : सुमारे अर्धा मीटर. बाकाच्या उंचीवरून.
ताशी २५ किमी (बॅटरीची साधी दुचाकी) : सुमारे अडीच मीटर. वर्गाच्या दारापेक्षा उंच.
ताशी ३२ किमी (ऑटोपेड) : सुमारे ४ मीटर. शाळेच्या छतावरून.
ताशी ६१ किमी (पील) : सुमारे साडेचौदा मीटर. चार मजली इमारतीवरून.

वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हेही तक्त्यात दिसतं. आपण दहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दाराच्या चौकटीवरून खाली उडी मारू देऊ का? मग "पंचवीसनंच जाते" याचा अर्थ काय, ते आपलं आपल्याला कळतं.

पाचवी गाडी : कागदावर निर्दोष

आता सगळ्यात महत्त्वाची गाडी. क्लाइव्ह सिंक्लेअर हे ब्रिटनमधलं मोठं नाव. स्वस्त कॅल्क्युलेटर आणि घरगुती संगणक त्यांनी घराघरांत पोचवले. १० जानेवारी १९८५ रोजी त्यांनी लंडनमध्ये सी-५ नावाची बॅटरीची तीनचाकी लोकांसमोर आणली. किंमत ३९९ पौंड. पाय पुढे पसरून, जवळजवळ पहुडल्यासारखं बसायचं, पॅडलही मारता यायचं, हँडल गुडघ्यांच्या खाली. गाडीची उंची ८० सेंटिमीटरच्या आतच.

मोटर २५० वॅटची. वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. ब्रिटनमध्ये त्याआधी दोनच वर्षांपूर्वी झालेल्या नियमामुळे अशा वाहनाला लायसन्स नको, हेल्मेट नको, आणि १४ वर्षांचं मूलही ते रस्त्यावर चालवू शकत होतं.

कायद्याने सगळं ठीक. पण ती प्रत्यक्ष रस्त्यावर आली तेव्हा लोकांना एकच भीती वाटली : ट्रक आणि बसच्या चालकाला ही दिसणार कशी? मागे उंच काठीवर लावायची लक्ष वेधणारी खूण मिळत होती, पण ती वेगळे पैसे देऊन घ्यायची होती. जानेवारीची थंडी, बर्फ, उघडी बैठक, थंडीत लवकर उतरणारी बॅटरी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्पादन बंद पडलं. तोवर सुमारे १४,००० गाड्या बनल्या होत्या.

प्रश्न ५ : मला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्या इतरांना मी दिसतो का?

आता २५० वॅट आणि २४ किलोमीटर हे आकडे लक्षात ठेवा. आपल्या देशातला आजचा नियम काय आहे? ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती कायद्याच्या भाषेत मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. जवळजवळ तेच आकडे! म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या हातात जो कागद होता, तोच सी-५ च्याही हातात होता. "लायसन लागत नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की सरकारने ही जबाबदारी तुमच्यावर सोडली आहे.

पालकांनी लक्षात ठेवायचा कायदा

• मोटरची ताकद किंवा वेग वरच्या मर्यादेपुढे गेला, किंवा नंतर गाडीत बदल करून वेग वाढवला, तर ती मोटार वाहन होते. मग लायसन्स, नोंदणी, विमा, हेल्मेट सगळं लागू. आपल्या गाडीच्या कागदावरचे हे दोन आकडे आजच वाचा.
• ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी वय १६ पूर्ण, इतर गाड्यांसाठी १८.
• २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

शेवटचा मुद्दा पालकसभेत जरूर वाचून दाखवा. दंडापेक्षा तो जास्त लागतो.

पाठ घेताना एक काळजी

या गाड्या बनवणाऱ्यांची टिंगल होऊ देऊ नका. डायम्लरची पेटलेली खुर्ची नसती तर आजची मोटारसायकल नसती. आपल्याकडेही १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पॅडलची लुना आणली, तेव्हा सायकलवरून एकदम मोटारसायकल न परवडणाऱ्या किती घरांना चाकं मिळाली! माझे वडील लुनावरून नोकरीला जायचे. नव्या गाडीचं कौतुक करायचंच. फक्त कौतुक करून झालं की पाच प्रश्न विचारायचे. मुलांच्या वहीत पाचही प्रश्न लिहून घ्या आणि गृहपाठ म्हणून घरातल्या कुठल्याही एका वाहनाला ते लावायला सांगा. सायकल असली तरी चालेल.

आणि त्या वडिलांचं काय झालं?

त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं नाही, मीच मुलाला गृहपाठ दिला. आमच्याकडे तेव्हा ऊसतोड सुरू होती. त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. पोराने पहिले चार प्रश्न स्वतःच लिहिले. पाचव्या प्रश्नासाठी त्याने वडिलांना ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरवर बसवलं, इंजिन बंद. आपण गाडी घेऊन ट्रॉलीच्या मागे उभा राहिला आणि हाक मारली, "पप्पा, मी दिसतोय का?"

वहीत उत्तर एका ओळीचं होतं : "पप्पा म्हणाले, आवाज येतोय, पण तू दिसत नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून पोरगं बहिणीचा हात धरून चालत येऊ लागलं. पुढच्या आठवड्यात वडील फाटकाशी भेटले. म्हणाले, "मॅडम, गाडी थोरल्याकडेच राहील आता. तो अठराचा झालाय. आणि हेल्मेट आणलंय त्याला."

मी फक्त विचारलं, "आणि तुम्हाला?"

ते हसले. त्यांचं हेल्मेट अजून यायचं आहे. मी वाट बघतेय.